गाडीचा आवाज आला की पोरगी आत जाते, मी कुठलं ध्यान करू?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

ताई नमस्कार. माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, तीन लेथ आणि एक सेकंडहॅन्ड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करतो. वय ४२. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ भागीदारीतून बाहेर पडला आणि जाताना दोन मोठ्या पार्ट्या घेऊन गेला, तेव्हापासून डोकं सारखं तापलेलं असतं. पेमेंट तीन-तीन महिने येत नाही, कामगार टिकत नाहीत. बाहेर मी गप्प असतो, पार्टीसमोर तर हसतोच, पण घरी आलो की फुटतो. मागच्या आठवड्यात जेवताना ताट भिरकावलं. मुलगी चौथीत आहे, आता माझ्या गाडीचा आवाज आला की ती दप्तर उचलून आतल्या खोलीत जाते, हे मला मिसेसनं सांगितलं. आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती. शेजारच्या शॉपमधला मित्र बौद्ध आहे, तो आळत्याला दहा दिवस विपश्यनेला बसून आला, म्हणतो तू पण जा. आई म्हणते घरात प्रार्थना असताना दुसरीकडं कशाला जायचं. पूर्वी मी तालमीत जोर-बैठका मारून राग काढायचो, तेच परत सुरू करू का? ध्यान कुठलं चांगलं, ख्रिस्ती का बौद्ध? दोन्ही मिक्स केलं तर चालतं का?

— एक वाचक, कोल्हापूर

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या दप्तराच्या वाक्यावर थांबले. तुम्ही भावाबद्दल लिहिलंय, पेमेंटबद्दल लिहिलंय, पण मला वाटतं पत्र लिहायला बसवलं ते त्या दप्तरानं, म्हणून मी पण तिथनंच सुरू करते आणि ध्यानावर मग येते.

ध्यान आज सुरू केलं तरी त्याचा गुण यायला वेळ लागतो, आणि चौथीतल्या पोरीला तेवढा वेळ थांबायला लावू नका. आज रात्री, फार तर उद्या, तिच्याजवळ खाली बसा आणि सांगा की त्या दिवशी मी ताट फेकलं ते माझं चुकलं, तुझं काहीच चुकलं नव्हतं. एवढंच बोला. "पण तू पण हट्ट करतेस" नको, "पप्पांना कामाचं टेन्शन असतंय गं" हे पण नको, कारण मग ती बिचारी तुमचं टेन्शन पण दप्तराबरोबर उचलून आत नेणार. ती काही बोलली नाही तरी चालेल, गप्प बसली तर बसू दे, लगेच मिठी मारायला जाऊ नका.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, तुम्ही ज्या दोन वाटा विचारल्या त्या दोन्ही वाटांवर पहिलं पाऊल हेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आधी समेट आणि मग पूजा, क्रम बघा. आणि तुमचा मित्र आळत्याला गेला तेव्हा त्याला पण पहिल्या दिवशी डोळे मिटायच्या आधी शील घ्यायला लावलं असणार, हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही, असं. बौद्ध मार्गात शील, समाधी (मन एकाग्र करणं), प्रज्ञा (खरं काय ते उमगणं) हाच क्रम आहे, वागणूक सुधारायचं सोडून नुसतं बसून शांती मिळते असं तिथं कुणीच म्हणत नाही. त्यामुळं पोरीशी बोलणं हा ध्यानाचाच पहिला दिवस समजा.

आता राग. तुम्ही मशीन शॉपवाले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहितीय की गरम जॉब मोजायचा नसतो. नुकताच कापलेला, हाताला चटका देणारा पीस व्हर्नियरनं मोजला तर माप जास्त दाखवणार, त्यावर तुम्ही अजून कट घेतला की थंड झाल्यावर पीस अंडरसाईज, गेला रिजेक्शनमध्ये. रागात माणसाचं हेच होतं. अॅड्रेनालिन सुटलेलं असतं, छाती धडधडतेय, श्वास वर वर चाललाय, जबडा आवळलाय, आणि त्या तापलेल्या अवस्थेत आपण समोरच्याचं माप काढतो, भाजीत मीठ कमी पडलं हे सुद्धा मुद्दाम केल्यासारखं वाटतं. म्हणून दोन्ही परंपरांचं पहिलं काम जॉब थंड होऊ देणं हेच आहे, आणि इथं दोघांत मला फारसा फरक दिसत नाही.

याचा एक फार सुंदर पुरावा आहे, मला तो कुणालाही सांगायला आवडतो. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २३ निरोगी माणसं घेतली, त्यांना एकदा कॅथलिक लोकांची जपमाळेची प्रार्थना लॅटिनमधून म्हणायला लावली आणि एकदा तिबेटी बौद्धांचा ओम मणि पद्मे हुम् हा मंत्र, आणि श्वास, नाडी सगळं मोजलं. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला. नेहमी आपला श्वास मिनिटाला बारा-पंधरा तरी असतो. रक्तदाब सांभाळणारी जी शरीरातली यंत्रणा आहे ती पण दोन्ही वेळा जास्त चांगली चालायला लागली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली हे छापून आलंय. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या लोकांनी एका दमाची लांबी तेवढीच बसवली, हे वाचून मी खरंच गप्प झाले होते. म्हणजे आईची प्रार्थना आणि मित्राचं ध्यान तुमच्या छातीपर्यंत एकाच रस्त्यानं पोचतं, फरक पुढं सुरू होतो, आणि तो फरक मोठा आहे, त्याला झाकून "सगळं एकच आहे हो" असं म्हणणं मला दोन्ही धर्मांचा अपमान वाटतो.

बौद्ध बाजूचं आधी सांगते, कारण आळत्याला मी स्वतः बसून आलेय. हातकणंगले तालुक्यात रामलिंगच्या रस्त्याला धम्मालय म्हणून केंद्र आहे, सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या परंपरेचं. गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले, मंडालेचे, व्यापारी माणूस, त्यांना मायग्रेन असायचं आणि कशानंच हटेना म्हणून ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेले, आणि मग १९६९ ला भारतात येऊन शिकवायला लागले. इगतपुरीचं मोठं केंद्र नंतरचं, १९७६ चं. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फोन जमा, लिहायचं वाचायचं काही नाही, रोज दहा एक तास बसायचं. फी नाही, दानावर चालतं. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर श्वास येतोय जातोय ते बघायचं, लांब करायचा नाही, मोजायचा नाही, कुठलं नाव घ्यायचं नाही, आहे तसा बघायचा. चौथ्या दिवसापासून विपश्यना, डोक्यापासून पायापर्यंत अंगातल्या संवेदना बघत जायचं.

मला तिसऱ्या दिवशी मागच्या बाईंच्या खोकल्याचा एवढा राग आला की विचारू नका. बोलायची सोय नाही, वळून बघायची सोय नाही. मग पहिल्यांदाच मी माझा राग पूर्ण बघितला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कानामागं गरम झालं, पोटात गोळा आला, हाताची बोटं आवळली, आणि मी काहीच केलं नाही तर साधारण पाच-सात मिनिटांत तो आपोआप उतरला. वय पन्नासच्या वर होतं माझं तेव्हा, आणि तोपर्यंत मला माहितीच नव्हतं की राग न बोलता पण संपतो. मी प्रत्येक वेळी बोलूनच संपवायचे. बौद्ध ध्यानानं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि तुमच्या ताटाच्या बाबतीत हीच कामाची आहे, कारण ताट उचलायच्या आधी हातात काहीतरी होतं, खांद्यात काहीतरी होतं, ते तुम्हाला कळायला लागलं की मधे जरा जागा मिळते.

तुम्ही लिहिलंय की बाहेर मी गप्प असतो. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथात एक गोष्ट आहे, श्रावस्तीतल्या वेदेहिका नावाच्या बाईची. सगळ्या गावात तिचं नाव, काय शांत बाई, काय गोड बाई. तिची काली नावाची दासी होती, कामाला चोख, तिला प्रश्न पडला की बाई खरंच शांत आहेत का मी कामात चुकत नाही म्हणून त्यांचा राग दिसत नाही? म्हणून ती मुद्दाम उशिरा उठायला लागली. पहिल्या दिवशी बाई नुसत्या चिडल्या, दुसऱ्या दिवशी अजून बोलल्या, आणि तिसऱ्या खेपेला दाराच्या अडसराची खीळ उचलून पोरीच्या डोक्यात घातली, रक्त आलं. मग गावात नाव बदललं. भगवान बुद्ध ही गोष्ट भिक्खूंना सांगतात आणि म्हणतात की मनाविरुद्ध बोलणं कानावर येत नाही तोवर सगळेच शांत असतात. पार्टीसमोरचं तुमचं हसणं म्हणजे शांती नव्हे दादा, तो साठा आहे, दिवसभर साठवून तुम्ही तो घरी रिकामा करताय, आणि घरी का, तर घरची माणसं ऑर्डर कॅन्सल करू शकत नाहीत म्हणून. कडू लागेल पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मैत्रीभावना म्हणून अजून एक साधना आहे, मेत्ता म्हणतात पालीत. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाचे आचार्य होते, त्यांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात ती नीट पायरी-पायरीनं दिलीय. (निखारा हातात घेऊन दुसऱ्याला मारायला जाणारा आधी स्वतः भाजतो, हे वाक्य व्हॉट्सअपवर बुद्धांच्या फोटोखाली फिरत असतं, ते खरं या ग्रंथातलं.) ते सांगतात की सुरुवात वैऱ्यापासून करायचीच नाही. आधी स्वतः, मी सुखी असू दे, मग ज्याच्याबद्दल आदर आहे असं माणूस, मग मित्र, मग ना आवडता ना नावडता असा कुणीतरी, समजा रोजचा चहावाला, आणि सगळ्यात शेवटी वैरी, आणि तिथं परत राग उसळला तर मागं फिरून परत मित्रापासून. म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी डोळे मिटून भावाला क्षमा करायला जाऊ नका, होणार नाही, उलट अजून पेटाल.

आता तुमच्या घरचं. मला वाटतं तुम्हाला ख्रिस्ती ध्यान म्हणजे आईची रात्रीची प्रार्थना आणि रविवारचं चर्च एवढंच माहिती आहे, त्यात तुमची चूक नाही, पण त्या घरात याहून बरंच सामान आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेले साधू होते, त्यातला एवाग्रियस नावाचा एकजण माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी करतो, त्यात राग आहे, आणि त्यावर तो स्तोत्रं म्हणायला सांगतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत येशूची प्रार्थना म्हणून एक छोटं वाक्य आहे, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर, हे श्वासाबरोबर परत परत म्हणायचं, अर्धं आत घेताना अर्धं सोडताना. आपल्याकडं नामस्मरण म्हणतात तसंच जवळजवळ. मग बाराव्या शतकात गिगो नावाचा मठवासी बायबल वाचायच्या चार पायऱ्या लिहून ठेवतो, आधी हळू वाचायचं, मग त्यातला एक शब्द घोळवत राहायचा, मग त्यावर देवाशी बोलायचं, मग बोलणं पण थांबवून नुसतं बसायचं. ही चौथी पायरी बाहेरून बघणाऱ्याला विपश्यनेसारखीच दिसेल.

माझी मिरजेची एक मैत्रीण ख्रिस्ती आहे, तिनं मला हे वाचन शिकवलं. आणि तुमच्यासाठी तिला विचारायची सुद्धा गरज नाही, मी स्तोत्र सांगते, स्तोत्रसंहितेतलं ५५ वं. काढून बघा आज. ते स्तोत्र म्हणणारा माणूस म्हणतो की शत्रूनं मला टोचलं असतं तर मी सोसलं असतं, पण तो तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा जिवलग, आपण बरोबर देवाच्या घरी जात होतो. दादा, हे तुमच्या भावाबद्दल लिहिल्यासारखं आहे. आणि पुढं तो काही गोड बोलत नाही, त्यांना मरण गाठो असं सरळ म्हणतो! मला हे फार आवडतं, की इतका कडवट राग त्यांनी पवित्र पुस्तकातून काढून टाकला नाही, ठेवला. मग त्याच स्तोत्रात शेवटाकडं येतं की तुझा भार परमेश्वरावर टाक. आधी सगळं ओकून झालंय आणि मग भार टाकलाय.

फरक इथं आहे बघा. बौद्ध ध्यानात राग कुणाला सांगायचा नसतो, तो बघायचा असतो, आला, राहिला, गेला, त्यात "माझा" असं काही नाही. ख्रिस्ती ध्यानात राग कुणालातरी सांगायचा असतो, ऐकणारा आहे या भरवशावर. आणि दुसरा फरक, बौद्ध विचारात द्वेष हा लोभ, द्वेष, मोह या तीन मुळांतला एक, तो कधीच चांगला नाही, कारण कितीही न्यायाचं असलं तरी. ख्रिस्ती विचार थोडा वेगळा आहे, येशूनं मंदिरात सराफांचे चौरंग उलथवलेत, आणि इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की रागवा पण पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत राग सोडा. म्हणजे राग यायला परवानगी आहे, पण मुदत संध्याकाळपर्यंतची. तुमचा राग दोन वर्षांचा झालाय.

आता मला विचाराल तर तुमच्यात दोन वेगळे राग आहेत आणि तुम्ही दोघांना एकच समजताय. एक ताटाचा राग, क्षणात अंगात चढणारा, शरीराचा. त्याला आनापान लई चांगलं, कारण तिथं विचार करायला वेळच नसतो, शरीरच ओळखायला शिकलं पाहिजे. दुसरा भावाचा राग. तो राग म्हणायला पण जड जातं मला, ते दुःख आहे, तुमच्याशी दगा झालाय आणि ते तुम्ही दोन वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही, मिसेसला सांगितलं असेल तर ओरडून सांगितलं असेल. त्याला मला तुमच्या घरची वाट जास्त योग्य वाटते, कारण लहानपणापासून तुम्हाला सवय आहे की ऐकणारा आहे. जो मुळातच देवाशी बोलत वाढलाय त्याला हे दुःख नुसतं "बघ" म्हणून सांगणं मला कोरडं वाटतं. पण तुमचा मित्र याच्यावर माझ्याशी भांडेल, तो म्हणेल दोन वर्षांची गाठ पण संवेदनेतच सुटते, आणि तो तिथं बसून आलाय, त्याचं पण ऐका.

मिक्स चालतं का? रोजच्या आयुष्यात चालतं असं माझं मत. मुंबईत जन्मलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी स्वतः गोयंकांच्या शिबिरात बसून बघितलं आणि मग ख्रिस्ती साधकांना शिकवताना श्वास आणि अंगाच्या संवेदनांपासूनच सुरुवात करायला लागले. व्हॅटिकनचं १९८९ चं एक पत्र आहे, याच विषयावर, त्यात सांगितलंय की पूर्वेकडच्या पद्धती ख्रिस्ती नाहीत म्हणून सरसकट टाकू नका, उपयोगाचं घ्या, पण अंगाला बरं वाटलं म्हणजे पवित्र आत्मा भेटला असं समजू नका. तुम्ही कॅथलिक नसाल तर ते पत्र तुम्हाला लागू नाही, पण शहाणपण कुणालाही घेता येतं. आईंना वाद घालून पटवू नका, त्यांना ५५ वं स्तोत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, मुलगा प्रार्थनेला बसतोय म्हटल्यावर त्यांची निम्मी काळजी तिथंच जाईल. मात्र आळत्याला जाणार असाल तर एक आधी माहीत असू दे, त्या दहा दिवसांत कुठलीच प्रार्थना, जपमाळ, मंत्र करायचा नाही असा नियम आहे, आणि तिथं गेल्यावर लपून बायबल वाचणं हे दोन्हीकडं अप्रामाणिक होईल. दहा दिवस त्यांचं त्यांच्या पद्धतीनं करायची तयारी असेल तरच फॉर्म भरा. आणि आत्ता भरू नका. दहा दिवस शॉप बंद ठेवून, घरात न बोलता निघून गेलात तर पोरीला वाटेल पप्पा रागावून गेले.

तालमीचं. व्यायाम सुरू करा, अंगाला चांगलाच आहे, पण राग आला की जोर मारायचे हे नको. २०२४ साली अमेरिकेतल्या ओहायोच्या दोघा संशोधकांनी १५४ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र करून बघितलं, तर श्वास, ध्यान, योगा असल्या अंग थंड करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, आणि राग काढायचा म्हणून अंग तापवणाऱ्या गोष्टींनी होत नाही, जॉगिंगनं तर वाढलेला दिसला. गरम जॉबला परत भट्टीत घालण्यासारखं आहे ते. सकाळी तालीम, डोकं थंड असताना, ती वेगळी गोष्ट.

मग करायचं काय, तर एवढंच करून बघा महिनाभर. संध्याकाळी शॉप बंद केल्यावर थेट घरी जाऊ नका, आणि घराच्या गल्लीत पण थांबू नका, कारण तिथं गाडीचा आवाज पोरीला ऐकू जातो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसा, किंवा शॉपमध्येच लाईट बंद करून स्टुलावर, दहा मिनिटं. मोबाईल डिकीत. आधी पाच मिनिटं श्वास बघा, नाकाखाली, आणि सुरुवातीला जमेना तर सोडताना जरा लांब सोडा, मिनिटाला सहा-सात झाले तरी पुरे. मन पळणार, पेमेंटवर जाणार, भावावर जाणार, बोलावून आणा, परत पळणार, परत आणा, हेच ध्यान आहे, ते जमत नाही असं समजून उठू नका. राहिलेली पाच मिनिटं दिवस मागं फिरवून बघा. ही सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत. तो माणूस पण आधी तापट सैनिक होता, तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला तेव्हा बदलला, आणि बदलल्यावर सुद्धा रस्त्यात एका परक्या धर्माच्या माणसानं मरियेबद्दल काही बोलल्यावर त्याच्या मागं जाऊन सुरा घालावा का असा विचार करत होता, शेवटी खेचराचा लगाम ढिला सोडला, खेचर दुसऱ्या रस्त्यानं गेलं म्हणून तो माणूस वाचला. असल्या माणसानं शिकवलेली गोष्ट आहे ही, जन्मतः शांत असणाऱ्यानं शिकवलेली नव्हे. दिवसात चांगलं काय झालं त्याचे आधी आभार, मग कुठं कुठं तापलो, कशानं तापलो, कुणाची माफी मागायचीय, उद्या काय वेगळं करीन. आणि मग गाडी काढा.

रविवारी चर्चमधनं आल्यावर ते स्तोत्र, हळू, एकट्यानं, एका ओळीवर थांबलात तरी चालेल, रडू आलं तर येऊ द्या. भावाशी बोलायची घाई नाही. बुद्धघोषांनी रागावर एकामागं एक उपाय दिलेत आणि शेवटी कशानंच जमलं नाही तर म्हणतात त्या माणसाला काहीतरी भेट द्या, हातानं. मला हे वाचून नवल वाटलं होतं, पण नंतर बऱ्याच घरांत मी ते होताना बघितलंय, दिवाळी-नाताळचा एक डबा दोन वर्षांचं न बोलणं फोडतो. कधीतरी बघा, आत्ता नको.

आणि बीपी तपासून घ्या या आठवड्यातच, ४२ वय, झोप नाही, जबडा आवळलेला, याला ध्यान पुरत नाही कधीकधी. झोप सलग दोन आठवडे उडाली असेल, किंवा स्वतःला संपवायचे विचार येत असतील, तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, सरकारचा टेलिमानस नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मनाचा जुना मोठा आजार असेल तर दहा दिवसांच्या शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही, फॉर्मवर पण ते विचारतात, लपवू नका. आणि हात कधी ताटाऐवजी मिसेसवर किंवा पोरीवर उचलला गेला असेल, जे तुम्ही पत्रात लिहिलं नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या, तोपर्यंत त्या दोघींना आजीकडं राहू द्या.

पोरीशी बोलून झालं की मला कळवा. ती काय म्हणाली ते पण लिहा, काहीच म्हणाली नसेल तर तसं लिहा.

तुमची ताई